अर्ध्या खुर्च्या, उघड्या खिडक्या : कोल्हापुरातल्या एका बैठकीचं प्रकरण

करोनानं बंद पडलेली महाराष्ट्रातली नाट्यगृहं आणि सभागृहं 22 ऑक्टोबर 2021 पासून निम्म्या क्षमतेनं उघडायला परवानगी मिळाली. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या संगीत मंडळापुढे त्याच आठवड्यात प्रश्न आला : गाण्याची बैठक घ्यायची का, घ्यायची तर कुठे, आणि काही कमीजास्त झालं तर त्याची झळ कुणी सोसायची. मंडळ पेठेतलं, सभासद बहुतेक साठीच्या पुढचे, गंगाजळी जेमतेम. मी कार्यकारिणीत होतो, अजून आहे. मंडळाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशीच मंडळं गावोगावी आहेत आणि प्रश्न सगळ्यांचा सारखाच होता.

त्या काळातल्या नियमांची चर्चा झाली ती खुर्च्यांच्या संख्येवर. निम्म्या की पाव, एकाआड एक की दोनआड एक. माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्या बैठकी सुरक्षित झाल्या असतील तर त्या दोन गोष्टींमुळे. एक, हवा कुठून येते आणि कुठे जाते हे आम्ही पाहिलं. दुसरी आणि जास्त मोलाची, पैशांची व्यवस्था अशी लावली की ताप आलाय हे सांगणाऱ्याचं एक रुपयाचंही नुकसान होऊ नये. ही दुसरी गोष्ट कुठल्याच शासकीय आदेशात नव्हती.

गाव आणि गाणं

कोल्हापूरच्या माणसाला गाण्याचं वेड नवं नाही. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या मातीत रुजली. गायन समाज देवल क्लब 1883 पासूनचा. महाराजांनीच बांधलेलं पॅलेस थिएटर 1915 मध्ये उभं राहिलं, पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. या मोठ्या नावांच्या सावलीत पेठांमधली लहान मंडळं महिन्या-दोन महिन्यांनी एखादी बैठक घेतात. नवोदितांना पहिला मंच मिळतो तो इथे, आणि गावातल्या तबलजी-पेटीवाल्यांच्या घरात वर्षभर थोडाफार पैसा जातो तोही इथूनच.

मार्च 2020 मध्ये हे सगळं थांबलं. त्या वर्षीच्या 5 नोव्हेंबरला नाट्यगृहं निम्म्या क्षमतेनं उघडली, पण त्याच दिवाळीत ‘दिवाळी पहाट’सारखे कार्यक्रम ऑनलाइन करा असं शासनानं सांगितलं होतं. आम्ही थांबलो. मार्च 2021 च्या अखेरीस दुसऱ्या लाटेत सगळं पुन्हा बंद झालं. कोल्हापूरची दुसरी लाट लांबली. मुंबई-पुण्यात आकडे उतरायला लागले तरी इथे जून-जुलैत बाधितांचं प्रमाण खाली येईना, त्यातच जुलैच्या शेवटी पंचगंगेचा महापूर आला. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यानं निर्बंध सैल केले तेव्हा ज्या 11 जिल्ह्यांना सूट मिळाली नाही त्यांत कोल्हापूर होतं. मंडळानंही आपली माणसं गमावली. पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसणारे, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की मांडीवर हलकी थाप मारणारे एक ज्येष्ठ सभासद त्या जूनमध्ये गेले. त्यामुळे ऑक्टोबरात ‘परवानगी मिळाली’ या बातमीनं कुणी उड्या मारल्या नाहीत.

कलाकारांची अवस्था त्याहून वाईट होती. ऑगस्ट 2021 मध्ये राज्य सरकारनं 56 हजार कलावंतांना प्रत्येकी 5 हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. मदत झाली हे मान्यच आहे, पण दीड वर्ष हाताला काम नसलेल्या घरात 5 हजार किती दिवस पुरणार? आमचे नेहमीचे तबलजी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी त्या काळात शिकवण्या मोबाइलवर घेतल्या. पोरांना ठेका समजत होता, पण आवाज अर्धा सेकंद मागून यायचा आणि लय हातात राहायची नाही. त्यांच्या ओळखीतल्या एका साउंडवाल्यानं मिक्सर विकून भाजीची गाडी लावली.

जागेचा निर्णय

तीन जागा समोर होत्या. पहिली, शहरातलं एक वातानुकूलित सभागृह. खुर्च्या भरपूर, निम्म्या केल्या तरी आमचे सगळे सभासद मावले असते. दुसरी, एका मंगल कार्यालयाचं लॉन. तिसरी, ज्या जुन्या माडीवर आमच्या बैठकी वर्षानुवर्षं होत आल्या ती : साठ फूट लांब, तीस फूट रुंद, वर चौदा फुटांवर कौलारू छप्पर, दोन्ही बाजूंना लाकडी गजांच्या खिडक्या, एरवी 160 माणसं बसतील एवढी.

लॉनचा विचार आधी झाला आणि तो योग्यही होता. उघड्यावर हवेतून होणारा संसर्ग फार कमी. पण ख्यालाची, म्हणजे शास्त्रीय गाण्याची, बैठक उघड्यावर घ्यायची म्हणजे मोठी ध्वनियोजना, मांडव, जनरेटर, आणि नोव्हेंबरात एखादी सर आली तर सगळं पाण्यात. शिवाय लग्नसराई जवळ आलेली, भाडं परवडेना.

उरलेल्या दोन जागांत बहुतेकांचा कल वातानुकूलित सभागृहाकडे होता. ‘मोठी जागा म्हणजे सुरक्षित’ असं वाटणं साहजिक आहे. इथे आमचा एक सभासद कामी आला. तो शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत इंजिनिअर, भट्टीच्या शेडमधली हवा खेळती ठेवणं हे त्याचं रोजचं काम. त्यानं कागदावर जो हिशेब मांडला तो इथे देतो, कारण कुणालाही आपल्या सभागृहासाठी तो करता येईल.

आपली माडी साधारण 700 घनमीटर हवेची. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे 18 लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. 80 माणसं म्हणजे तासाला 1,440 लिटर. खिडक्या-दारं घट्ट बंद असली तर तासाभरात खोलीतलं प्रमाण दहा लाख भागांमागे सुमारे 2,000 नं वाढतं. बाहेरच्या हवेत ते 400 च्या थोडं वर असतं, म्हणजे आत 2,400 च्या पुढे. हा वायू स्वतः रोग पसरवत नाही, पण दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेली किती हवा आपण आत घेतोय याचं ते चांगलं माप आहे. आता समजा, खोलीतली सगळी हवा तासाला सहा वेळा बदलली. तीच 80 माणसं बसली तर आकडा 750 च्या आसपास थांबतो. आणि सहा वेळा हवा बदलून पूर्ण 160 माणसं बसवली तरी 1,100 च्या वर जात नाही.

म्हणजे हवेपुरतं बोलायचं तर भरलेली पण खेळती माडी ही अर्ध्या रिकाम्या बंद खोलीपेक्षा बरी. ज्या सभागृहाची वातानुकूलन यंत्रणा आतलीच हवा थंड करून पुन्हा आत सोडते, तिथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून जे मिळतं ते दीड तासात निघून जातं. ब्रिटनमध्ये गाणं किंवा व्यायाम चालतो अशा जागी हा आकडा 800 च्या खाली ठेवा असा सल्ला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2021 च्या मार्गदर्शनात माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा सांगितली होती. आमच्या 80 माणसांना ती तासाला 2,880 घनमीटर लागते. सहा वेळा हवा बदलली तर 4,200 मिळते, म्हणजे गरजेच्या वर.

निम्मी संख्या निरर्थक होती असा याचा अर्थ काढू नये. माणसं निम्मी तर त्यांतला एखादा बाधित असण्याची शक्यताही जवळपास निम्मी, आणि लागण झालीच तर ती कमी जणांना. आम्ही दोन्ही ठेवलं. फक्त खुर्च्या मोजून काम संपलं असं मानलं नाही.

गाण्याचा धोका तोवर जगाला कळून चुकला होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत 10 मार्च 2020 ला एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर 61 जण, त्यांतल्या 53 जणांना लागण झाली किंवा तशी लक्षणं दिसली, दोघे दगावले. ते सगळे एकत्र गात होते, जवळजवळ बसले होते, मध्ये खाणंपिणंही झालं होतं. पुढे ब्रिस्टलच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की त्याच आवाजात बोलणं आणि गाणं यांत सूक्ष्म थेंबांचा फार फरक पडत नाही, आवाज चढला की मात्र ते कित्येक पटींनी वाढतात. आपल्या बैठकीत गाणारा एक, ऐकणारे अनेक. ही आपल्या पद्धतीची जमेची बाजू. पण तो एक जण तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, जाणार, तोंड उघडं ठेवून आणि पहिल्या रांगेकडे पाहून, हेही तितकंच खरं.

उदबत्ती आणि पंखे

माडी ठरली. मग पुढचं काम हवेची दिशा पाहण्याचं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागलं नाही. गायिका जिथे बसणार तिथे, बसल्यावर तोंड येईल त्या उंचीवर, उदबत्ती धरली. सगळ्या खिडक्या उघड्या, छताचे पंखे चालू. धूर सरळ श्रोत्यांवर गेला आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेवर घोटाळत राहिला. छताचा पंखा हवा फक्त ढवळतो, बाहेर काढत नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्यावर वाद झाला नाही.

उपाय असा ठरला : गायिकेच्या मागून हवा बाहेर ओढायची आणि श्रोत्यांच्या मागच्या दारातून, बाजूच्या खिडक्यांतून ताजी आत घ्यायची. म्हणजे वारा श्रोत्यांकडून मंचाकडे. त्यासाठी 18 इंची दोन एक्झॉस्ट पंखे घेतले. पंख्याच्या पाटीवरच्या क्षमतेनं एकानंच भागलं असतं, पण जाळी, धूळ, भिंतीचा अडसर धरून दोन. ते मंचामागच्या भिंतीत बसवले आणि साउंडवाल्या दादांनी कपाळाला हात लावला. तानपुऱ्याच्या षड्जात पंख्याची घरघर मिसळत होती, माइक ती उचलून घेत होता. खर्जातला आलाप ऐकू येईना.

तिथे एक संध्याकाळ गेली. शेवटी पंखे मंचामागच्या भिंतीतून काढून त्याच्याही मागच्या सामानाच्या खोलीत, बाहेरच्या खिडकीत लावले. मधलं दार उघडं ठेवलं आणि त्यावर एक जुना जाड पडदा वरच्या अर्ध्या भागापुरता सोडला. खोलीनं बराचसा आवाज गिळला, ओढ तशीच राहिली. पुन्हा उदबत्ती धरली. धूर गायिकेच्या खांद्यावरून मागे वळला आणि दारातून गेला. त्यानंतर एकेका रांगेत उदबत्ती फिरवली. उजव्या कोपऱ्यात खांबाआड धूर नुसता उभा राहत होता, म्हणून तिथल्या खुर्च्या काढून टाकल्या. ती जागा चपलांना दिली.

जाजम घालायचं नाही हाही निर्णय झाला, आणि तो पचायला जड गेला. भारतीय बैठकीचा रंगच वेगळा. पण जाजमावर अंतर टिकत नाही. गाणं रंगलं की माणसं सरकत सरकत जवळ येतात, ओळखीचा दिसला की गुडघ्याला गुडघा लावून बसतात. खुर्च्या मांडल्या, पाय सुतळीनं जमिनीवरच्या फळ्यांना बांधले. पहिली रांग मंचापासून दहा फुटांवर.

वेळ सकाळी आठची ठरवली. कारण व्यवहाराचं होतं : खिडक्या उघड्या ठेवायच्या तर संध्याकाळी पेठेतली रहदारी, हॉर्न, कुठे वरातीचा बँड. रविवारी सकाळी रस्ता शांत असतो. त्यातून जे मिळालं त्याचा आधी कुणी विचार केला नव्हता. पुण्याहून येणाऱ्या गायिका ताई फोनवर म्हणाल्या, “सकाळचे राग मंचावर गायला मिळतात कुठे? वर्षानुवर्षं संध्याकाळीच बोलावता तुम्ही लोक. आठची वेळ असेल तर मी नक्की येते.” दीड तास, मध्यंतर नाही, ही आमची दुसरी अट मात्र त्यांना आवडली नाही. एका विलंबित ख्यालालाच पाऊण तास हवा असं त्यांचं म्हणणं, आणि ते रास्तच होतं. पण मध्यंतर झालं की चहा येतो, चहा आला की मास्क उतरतात आणि जिन्याजवळ घोळका होतो. दीड तासभर सांभाळलेलं सगळं त्या पंधरा मिनिटांत जातं. ताईंनी शेवटी एक मोठा राग, एक छोटा आणि भैरवी असं बसवलं.

पैशाची बाजू

करोनाआधी 160 जणांकडून प्रत्येकी 250 रुपये आले तर 40 हजार जमत आणि बैठकीचा खर्च निघे. आता माणसं 80. मानधन, ध्वनिव्यवस्था, प्रवास काहीच निम्मं होत नाही. उलट पंखे, सॅनिटायझर, दारावर दोन माणसं वाढली. अशा वेळी बहुतेक ठिकाणी जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे : मुख्य कलाकाराचं मानधन तसंच ठेवायचं आणि साथीदारांना ‘यंदा जरा सांभाळून घ्या’ म्हणायचं. आमच्याही कार्यकारिणीच्या सभेत हा पर्याय मांडला गेला.

त्या दिवशी अण्णांना मुद्दाम बोलावलं होतं. ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी बिदागीचा विषय काढलाच नाही, वेगळंच सांगितलं. म्हणाले, “एक इच्यारतो. आदल्या दिवशी मला ताप आला, तर मी तुमाला सांगावं का? सांगितलं की बिदागी गेली. दोन वर्सांनी एक कारेक्रम आलाय. कोन सांगंल? गोळी घ्यायची आन् बसायचं. मीच न्हवं, समदेच.”

या एका वाक्यानं चर्चेचा रोख बदलला. दारावर तापमापक घेऊन उभं राहायचं आणि ज्याला ताप आहे त्यानं गोळी घेऊन तो उतरवूनच यावं अशी व्यवस्था आपणच करायची, यात काय अर्थ? हीच गत श्रोत्यांची. पाचशे रुपयांचं तिकीट काढलेला माणूस सकाळी घसा दुखला तर ‘एवढं काय त्यात’ म्हणून येणारच. आणि मंडळ जर दारावरच्या विक्रीवर अवलंबून असेल, तर एक्क्याऐंशीव्या माणसाला परत पाठवायला कुणाची जीभ उचलणार?

म्हणून तीन गोष्टी ठरल्या. दारावर तिकीटविक्री बंद. त्याऐवजी सभासदांकडून पुढच्या चार बैठकींची वर्गणी आधीच घेतली, ज्यांना परवडत होतं त्यांनी जास्त दिली. आजारी असाल तर येऊ नका, एक फोन करा, तुमची खुर्ची पुढच्या बैठकीला राखीव, कारण विचारलं जाणार नाही. आणि कलाकारांना, त्यांत साथीदार व ध्वनिवाले दोन्ही आले, लेखी पत्र : ताप, खोकला किंवा घरात कुणी बाधित असल्याचं कळवलं तर ठरलेलं पूर्ण मानधन मिळेल, बदली कलाकाराचा खर्च मंडळाचा. मानधनात कपात कुणाच्याही नाही.

खजिनदार वहिनींना यातला धोका दिसत होता आणि त्यांनी तो स्पष्ट सांगितला : दोनदा असं झालं तर गंगाजळी संपली. त्यांनीच मग मर्यादा घातली. बदलीच्या खर्चासाठी वेगळी रक्कम बाजूला काढायची आणि ती संपली की उरलेल्या बैठकी रद्द करून वर्गणी परत द्यायची. हे लिहून ठेवलं म्हणूनच बाकीचं सगळं जमलं, असं माझं ठाम मत आहे.

पहिली बैठक आणि दुसरी

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहिली बैठक झाली. दारावर दोन तरुण सभासद लसीची प्रमाणपत्रं पाहत होते. साध्या फोनवाल्या काकांसाठी आधीच छापील प्रती काढून ठेवल्या होत्या. एका आजीवन सभासदांचा एकच डोस झाला होता. वय ऐंशीच्या घरातलं, मान मोठा. त्यांना ‘परत जा’ म्हणणं कुणाला शक्य नव्हतं आणि आत घेणं नियमात बसत नव्हतं. खाली अंगणात चिंचेखाली खुर्ची टाकली, वरचा एक स्पीकर जिन्याच्या तोंडाशी आणला. त्यांनी पूर्ण तोडी राग तिथे बसून ऐकला. पुढच्या बैठकीपर्यंत त्यांचा दुसरा डोस झाला होता.

मंचावर ताईंना मास्क नाही, बाकी तिघांना होता. तानपुऱ्यावरची शिष्या नेहमी मागून सूर देते, तिनं या वेळी फक्त तानपुरा छेडला. ताईंना ते पोकळ वाटलं आणि श्रोत्यांनाही जाणवलं. पेटीचं बरं असतं, भाता हवा ओढतो ती खोलीतली, वाजवणाऱ्याच्या फुप्फुसातली नव्हे. प्रत्येकाचा माइक वेगळा, स्पंज नवा. मास्कमधून दाद दबकी येत होती. पण पहिली लांब तान समेवर आली तेव्हा सगळी माडी एकदम ‘वाह’ म्हणाली, आणि दीड वर्षात हा आवाज कानावर पडला नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अण्णांचे डोळे भरले होते. मास्कवर तेवढेच दिसत होते.

खरी परीक्षा झाली डिसेंबरातल्या दुसऱ्या बैठकीला. आदल्या संध्याकाळी पेटीवाल्या पोराचा फोन आला : “दादा, अंग दुखतंय, थोडा ताप आहे. काय करू?” वय विशीतलं, दोन्ही डोस झालेले, गाडी चालवून येऊ शकला असता. त्याला घरी थांबायला सांगितलं, बदली म्हणून सांगलीहून एका पेटीवादकांना रात्री उशिरा पक्कं केलं. त्याची चाचणी सोमवारी पॉझिटिव्ह आली. ठरलेलं मानधन त्याला त्याच दिवशी पाठवलं. तो फोन त्यानं केला नसता तर रविवारी सकाळी तो दीड तास गायकाच्या डाव्या हाताला, तीन फुटांवर बसला असता. उदबत्तीचा धूर मागे वळतो म्हणून ती तीन फुटं सुरक्षित होत नाहीत. पंख्यांनी श्रोत्यांना सांभाळलं असतं कदाचित, मंचाला नाही.

दोन्ही बैठकींनंतर दहा दिवस सगळ्यांना फोन केले. बैठकीतून लागण झाल्याचं आढळलं नाही. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. 80 माणसांच्या दोन बैठकींत काही घडलं नाही ही आनंदाची गोष्ट, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी बार्सिलोनात डिसेंबर 2020 मध्ये झाला तसा प्रयोग लागतो : आधी सगळ्यांची अँटिजेन चाचणी, मग चिठ्ठ्या टाकावं तसं काहींना मैफलीत सोडलं, काहींना नाही, आणि आठ दिवसांनी दोन्ही गट तपासले. आत गेलेल्या 465 जणांत एकालाही लागण झाली नव्हती. तिथेही हवा खेळती होती आणि एन-95 मास्क दिले होते. आमच्याकडे एवढी साधनं नव्हती, पण कशावर भर द्यायचा हे त्या प्रयोगावरून समजलं.

जानेवारीचा निर्णय

जानेवारी 2022 मध्ये ओमिक्रॉन आला. राज्यानं रात्रीची संचारबंदी लावली, पण सभागृहं निम्म्या क्षमतेनं आणि पूर्ण लसीकरण झालेल्यांसाठी चालूच ठेवली. म्हणजे आमची तिसरी बैठक नियमात बसत होती. तरी आम्ही ती पुढे ढकलली आणि यावर कार्यकारिणीत चांगलीच खडाजंगी झाली. एका बाजूचं म्हणणं, पंखे आहेत, वर्गणी आहे, नियम परवानगी देतो, मग कलाकारांच्या पोटावर पाय का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सभासदांचे दोन डोस होऊन सात-आठ महिने झालेत, साठीपुढच्या सहव्याधीग्रस्तांना तिसरा डोस 10 जानेवारीपासून आत्ता कुठे सुरू होतोय, आणि हा विषाणू घराघरांत शिरलाय. मी दुसऱ्या बाजूला होतो. निर्णय झाल्यावर तिसऱ्या बैठकीच्या कलाकारांना अर्धं मानधन आगाऊ पाठवलं, तारीख नंतर ठरवू म्हणून. पत्रात ‘मंडळानं रद्द केलं तर’ असं कलम नव्हतं. ते तेव्हा घातलं.

मार्चच्या सुरुवातीला पूर्ण क्षमतेची परवानगी मिळालेल्या 14 जिल्ह्यांत या वेळी कोल्हापूर होतं, आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून राज्यातले सगळे निर्बंध उठले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. राहिलेली तिसरी बैठक एप्रिलमध्ये झाली, पुन्हा जाजम घालून. खुर्च्या फक्त गुडघेदुखीवाल्यांना.

मंडळानं पुढे काय ठेवलं आणि काय सोडलं तेवढं सांगतो. सामानाच्या खोलीतले पंखे आहेत, उन्हाळ्यात तर त्यांच्याशिवाय माडीवर बसवत नाही. वर्षातल्या दोन बैठकी सकाळी होतात. मध्यंतर आणि चहा परत आला. दारावरची तिकीटविक्री पाच-सहा जागांपुरती सुरू केली, कॉलेजची मुलं आयत्या वेळी येतात म्हणून. आजारी कलाकाराच्या मानधनाचं कलम कायम आहे, आता फक्त करोनापुरतं नाही : फ्लू असो, डेंग्यू असो, घरातलं कुणी दवाखान्यात असो. वहिनींनी बदलीची रक्कम दर वर्षी वेगळी काढायची पद्धत चालू ठेवली आहे.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. त्यानंतर आमच्यासारख्या माड्यांवर तारखा मागायला येणाऱ्या संस्था वाढल्या. त्यांतल्या काहींनी आमच्या त्या तीन ठरावांचा नमुना मागून नेला. बहुतेक जण पहिली दोन कलमं ठेवतात आणि पूर्ण मानधनाचं तिसरं कलम ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. त्यावर अजून बोलणी चालू आहेत. ज्या संस्थेनं ते मान्य केलं तिला माडीच्या भाड्यात सवलत द्यावी असा प्रस्ताव अण्णांनी मांडला आहे, आणि येत्या वार्षिक सभेत तो मताला येईल.